डबी क्रमांक सतरा

सकाळची पहिली थुंकी लागते, मी सांगते,
चूळ भरून, चहाच्या आधी.
लाळ नको. आतून आलं पाहिजे,
जिथून हाक येते तिथून.

परळीच्या वीटभट्ट्यांवर हे ओरडून सांगावं लागतं.
वारा सुटला की तळ्यावरची राख उठते
आणि खोकतात सगळेच.
दोन आठवड्यांपासून आहे का, मी विचारते.
बाया हसतात. दिवाळीपास्नं, म्हणतात.
कुठल्या दिवाळीपासून, ते मी विचारत नाही.

फॉर्मवर रकाना : कायमचा पत्ता.
लिव्हा की कायबी, आसराबाई म्हणाली
आणि गाऱ्याचा हात झटकला.
तिच्या मागं कच्च्या विटा वाळत होत्या,
एकेकीवर मालकाच्या नावाची दोन अक्षरं.
मी लिहिलं : भट्टी चार, सोनपेठ रस्ता.

सोळा नंबर आसराबाई, वय चाळीस,
'असंल'.
सतरा नंबर अंबिका, तिची लेक, वय बारा.

दुपारी दवाखान्यात लाईट गेली.
मी सूक्ष्मदर्शक खिडकीशी ओढला, आरसा उन्हाकडं केला.
त्याआधीचं काम दूध तापवण्यासारखं :
काचेवरच्या लाल रंगाला वाफ येऊ द्यायची,
उकळू द्यायचं नाही, तिथून हलायचं नाही.
मग आम्लानं धुतलं की सगळ्यांचा रंग उतरतो.
त्यांचा तेवढा उतरत नाही. हट्टी असतात.

सोळा : शंभर जागा पाहिल्या. काही नाही.
सतरा : दुसऱ्याच नजरेला,
निळ्यावर लाल काड्या,
जुन्या लुगड्याच्या दशा तुटून पडाव्यात तशा,
जोडीनं, घोळक्यानं.

बारा वर्षांची पोर.
पेन उघडलं तरी हात लिहीना.
म्हणून डबी पुन्हा उजेडात धरली.
बुडाशी काळे बारीक कण.
माझ्या आईच्या दातांच्या फटींत
आयुष्यभर हेच होतं.
मिश्री.

दुसऱ्या दिवशी अल्ताफला म्हटलं, जीप लांबच उभी कर.
गाऱ्याच्या खड्ड्याशी मी आसराबाईजवळ बसले,
काही विचारलं नाही.
तीच बोलली, वीट साच्यातून काढता काढता :

मला घरी बशिवलं तं जोडी मोडती, बाई.
जोडी मोडली की उचल आंगावर.
पोरीचं नाव तं हजेरीत न्हाईच.
जी कामावरच न्हाई
ती आजारी पडली तं कुणाचं काय जातंय?
तिच्या नावानं गोळ्या आल्या अस्त्या,
म्या खाल्ल्या अस्त्या.

मी रागावणार होते.
गोळ्या वजनावर असतात, आसराबाई,
आईच्या वेगळ्या, लेकराच्या वेगळ्या,
असं म्हणत मी काटा मांडला.
आई तेहतीस किलो.
लेक तीस.
पुढचं वाक्य माझ्याकडं नव्हतं.

आता मी नाव झाकणावर लिहीत नाही,
डबीच्या अंगावर लिहिते.
झाकणं बदलता येतात.

नवी डबी अंबिकाच घेऊन आली,
दोन्ही हातांत, सांडू नये म्हणून
पायांकडं बघत.
आईचीच हाय, म्हणाली,
मी काही न विचारता.
तिच्या नखांत गारा होता.
तिची छाती मी तपासायला लावणार आहे,
हे तिला अजून सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मुकादम आला,
मोटरसायकल चालूच ठेवून.
कोण निघालं ह्यांच्यातलं, म्हणाला,
नाव सांगा, मी बघतो.

मी खोक्यातून कोरी डबी काढली,
पेनाचं टोपण दातांनी उघडलं
आणि त्याला त्याचं नाव विचारलं.

तो उभाच राहिला.
आसराबाईचा साचा हवेतच थांबला होता.
मोटरसायकलचा धूर राखेत मिसळत होता.

मग तो खोकला.